निसर्गाची नक्कल करून केलेली गाळणी रंगाचं पाणी खरंच साफ करते का?

निळाई

मुलीच्या विज्ञान प्रकल्पासाठी आम्ही दोघींनी पाइनच्या फांदीची गाळणी केली. ओल्या फांदीचा अंगठ्याएवढा तुकडा घेतला, साल सोलली, रबरी नळीच्या तोंडात घट्ट बसवला आणि वरून क्लॅम्प आवळला. नळी उभी धरून गढूळ पाणी ओतलं, तर खाली थेंब थेंब नितळ पाणी यायला लागलं. पोरगी नाचायचीच बाकी होती.

मग तिने स्वतःच्या डोक्याने दुसरा प्रयोग केला. निळं रंगीत पाणी ओतलं. पहिले कितीतरी थेंब पाण्यासारखे स्वच्छ! आम्ही दोघी हरखलो. तासाभराने बघतो तर खालच्या भांड्यात फिकट निळं, आणि रात्रीपर्यंत जवळजवळ वरच्याइतकंच निळं.

तेव्हापासून ती विचारतेय, "आई, आधी जमत होतं ते नंतर का नाही जमलं?" झाड, शिंपले, मूत्रपिंड यांची नक्कल करून रंगाचं सांडपाणी गाळणारे पडदे बनवतात असं मी वाचलंय. मग आमची गाळणी कुठे चुकली? आणि ते पडदे तरी टिकतात का? जाणकारांनी जरा सोपं करून सांगा.

पाणवठा

वाचतोय. फार चांगला प्रश्न. मुलीला शाबासकी द्या, दुसरा प्रयोग तिचा तिला सुचला म्हणून विशेष.

गाळणीवाला

निळाईताई, तुमची गाळणी चुकलेली नाही, तिने तिचं काम केलं. मी पडद्यांवरच संशोधन करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पाइनच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. एका नळीतून दुसरीत जाताना पाण्याला भिंतीतल्या खिडक्यांमधून जावं लागतं आणि त्या खिडक्यांना तंतूंची जाळी असते. 2014 मध्ये एमआयटीतल्या रोहित कर्णिक यांच्या गटाने हाच प्रयोग केला होता. जीवाणू 99.9 टक्के अडले. पण साधारण 100 नॅनोमीटरपेक्षा लहान कण त्या जाळीतून निसटत होते. गढूळ पाण्यातले मातीचे कण मोठे, म्हणून अडले. विरघळलेल्या रंगाचा रेणू एक-दीड नॅनोमीटरचा. फुटबॉलच्या गोलाची जाळी चेंडू अडवते, वाळू नाही अडवत, तसं.

आता तुमच्या मुलीच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. सुरुवातीला पाणी स्वच्छ का आलं? त्याआधी एक सांगा, निळा रंग कोणता वापरलात?

निळाई

माशांच्या टाकीत घालतात ते मिथिलीन ब्लू. घरात होतं.

गाळणीवाला

मग कोडं सुटलं! मिथिलीन ब्लूचा रेणू धनभारित असतो आणि लाकडाचा पृष्ठभाग पाण्यात थोडा ऋणभारित. रंग लाकडाला चिकटत गेला. चिकटायला जागा होती तोवर खाली स्वच्छ पाणी आलं, जागा संपली आणि रंग सरळ वाहू लागला. याला गाळणं म्हणत नाहीत, शोषण म्हणतात. गाळणी आकाराने अडवते आणि शंभराव्या तासालाही अडवते. शोषकाची पिशवी भरली की संपलं.

हे मी मुद्दाम ठासून सांगतोय, कारण आमच्या क्षेत्रातही याच जागी फसगत होते. पडद्याचा रुपयाएवढा तुकडा घ्यायचा, वरून वाटीभर मिथिलीन ब्लू, पंधरा मिनिटांत "99 टक्के रंग अडला" असा आकडा. अडला नाही, पडद्याने पिऊन टाकला. तोच प्रयोग दोन दिवस चालवला की आकडा घसरतो. तुमच्या मुलीने रात्रीपर्यंत वाट पाहिली, हेच मला सगळ्यात आवडलं.

रंगारी

गाळणीवाल्यांशी शंभर टक्के सहमत. मी 19 वर्षं कापड रंगवण्याच्या कारखान्यात काढली, त्यातली शेवटची आठ ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या विभागात. पडदे विकायला येणारे लोक असेच चकचकीत आकडे घेऊन यायचे.

आधी पाण्यात रंग येतो कुठून ते सांगतो, म्हणजे इतरांना चर्चा कळेल. सुती कापडाला रिॲक्टिव्ह डाय लावतात. हा रंग धाग्याशी रासायनिक बंध करतो, म्हणून धुतल्यावर जात नाही. पण बाथमधला, म्हणजे रंगवायच्या टाकीतला, सगळा रंग धाग्याला लागत नाही. काही रेणू धाग्याऐवजी पाण्याशीच बंध करून बसतात आणि मग ते कायमचे निकामी. डायच्या जातीप्रमाणे दहा ते चाळीस टक्के रंग असा वाया जातो. त्यात गडद छटेला लिटरमागे साठ-ऐंशी ग्रॅम मीठ, वर सोडा ॲश, पीएच 11 च्या आसपास, पाणी 60 अंशांना. नंतर धुण्याच्या फेऱ्या वेगळ्या. हे सगळं एकत्र होऊन आमच्या टाकीत यायचं.

आम्ही फेरस (लोहाचा क्षार) आणि चुना घालून रंग खाली बसवायचो. पाणी बरं दिसायचं, पण गाळाचे ढीग साचायचे. तो गाळ म्हणजे तोच रंग, फक्त घट्ट झालेला.

प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यात एक रंग विरघळवतात. आमच्या पाण्यात रंगाबरोबर मीठ, साबण, कांजी, सुताचे तंतू, काय नव्हतं ते विचारा.

चिकित्सा

रंगारीकाका, एक शंका. पाणी बिनरंगी झालं तर काम झालंच ना? मग पडदे कशाला?

रंगारी

नाही ना. रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाही. ॲझो डाय म्हणजे नायट्रोजनच्या दोन अणूंच्या पुलाने जोडलेला रंग. तो जीवाणूंच्या टाकीत, जिथे हवा नसते तिथे, मधोमध तुटतो. रंग नाहीसा होतो, पण तुकडे उरतात ते ॲरोमॅटिक अमाइन. त्यांतले काही मूळ रंगापेक्षा जास्त घातक. आणि उलट बाजूही आहे, लिटरमध्ये एक मिलिग्रॅमपेक्षा कमी रंग असला तरी डोळ्याला दिसतो. म्हणून लोक फक्त दिसण्याच्या मागे लागतात. पडद्याची मला आवडणारी गोष्ट हीच की तो रेणू तोडत नाही, अख्खा बाजूला काढतो.

खारफुटी

धागा छान रंगलाय! माझ्याकडून एक भर. कांदळवनातली काही झाडं खाऱ्या पाण्यात उभी राहतात आणि बहुतेक मीठ मुळांतच अडवतात. पंप नाही, वीज नाही. पानांतून बाष्प उडतं, त्या ओढीने पाणी मुळांतून गाळून वर येतं. ओहोटीच्या वेळी चिखलात उभं राहून ती मुळं पाहिली आहेत मी, आणि दर वेळी हात जोडावेसे वाटतात. रंगासाठी हीच नक्कल करता येणार नाही का?

गाळणीवाला

खारफुटी, मुळं सुंदर उदाहरण आहे, पण रंगाच्या पाण्यासाठी मला ते उलट दिशेचं वाटतं. रंगारीदादांनी सांगितलेलं मीठ आठवा. समुद्राच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम मीठ असतं आणि तेवढ्यासाठीसुद्धा आरओला 27 बारच्या आसपासचा परासरणी दाब (मीठ पाण्याला मागे ओढतं तो) आधी ओलांडावा लागतो. डायबाथमध्ये त्याच्या दुप्पट मीठ. ते अडवायला गेलात तर सगळी ताकद मिठाशी झुंजण्यात जाईल.

आम्हाला हवा तो पडदा मीठ जाऊ देणारा आणि रंग तेवढा अडवणारा. मग दाब कमी लागतो आणि खाली येतं खारं, बिनरंगी पाणी. ते पुन्हा रंगाच्या बाथला वापरता येतं, मिठासकट! याला सैल नॅनोफिल्ट्रेशन म्हणतात. छिद्रं एक-दोन नॅनोमीटरची. मिठाचे आयन सहज निसटतात. रिॲक्टिव्ह ब्लॅक 5 सारखा रंग जवळजवळ हजार डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), तो अडकतो.

आणि फक्त आकार नाही, भारही कामी येतो. रिॲक्टिव्ह, ॲसिड, डायरेक्ट या बहुतेक रंगांना सल्फोनेटचे गट असतात, म्हणजे ते ऋणभारित. पडदाही ऋणभारित ठेवला की तो त्यांना लांबूनच ढकलतो.

रेणू

हे वाचून राहवलं नाही म्हणून पहिल्यांदाच लिहितेय. मी डायलिसिस विभागात तंत्रज्ञ आहे. तुम्ही जे सांगताय ते मूत्रपिंड रोज करतं! ग्लोमेरुलस म्हणजे मूत्रपिंडातला बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ. त्याच्या गाळणीला आकाराची मर्यादा आहे आणि वर ऋण भारही आहे. अल्ब्युमिन हे प्रथिन ऋणभारित, ते रक्तातच राहतं. मीठ, साखर, युरिया खाली उतरतात. दिवसाला साधारण 180 लिटर गाळलं जातं आणि लघवी होते दीड-दोन लिटर, कारण बाकीचं शरीर परत घेतं.

मला जास्त भावते ती दुसरी गोष्ट. रक्त गाळणीवर आदळत नाही, तिच्या कडेने वाहत जातं. आणि एका फेरीत प्लाझ्माचा फक्त पाचवा भाग गाळला जातो. हाव नाही. सगळंच्या सगळं पिळून काढायला गेलं तर मागे राहिलेलं घट्ट होऊन गाळणी बुजणार. आमच्या डायलायझरमध्येही रक्त पोकळ तंतूंच्या आतून वाहतं. यंत्रावरचा दाबाचा आकडा हळूहळू चढायला लागला की आम्ही समजतो, तंतू बंद पडायला लागलेत.

रंगारी

रेणूताई, जोरदार स्वागत! तुमचा दाबाचा आकडा वाचला आणि अंगावर काटा आला. आमच्याकडेही तोच आकडा बघत रात्र जायची. आणि चूक तीच, हाव. "रिकव्हरी वाढवा, रिजेक्ट कमी करा" असा वरून तगादा, म्हणजे गाळलेलं पाणी जास्त आणि मागे उरणारं घट्ट पाणी कमी.

शेवटी एक बाद झालेलं एलिमेंट, म्हणजे पडद्याची गुंडाळी, मी स्वतः कापून बघितलं. वरचं फायबरचं कवच ग्राइंडरने चिरलं आणि गुंडाळी उलगडली. आत पडद्याच्या पानांमध्ये प्लॅस्टिकची जाळी असते, पाणी खेळतं राहावं म्हणून. त्या जाळीचे चौकोन पडद्यावर जसेच्या तसे उमटले होते, काळ्या-निळ्या रंगात, कुणी ठसे मारावेत तसे. बोट फिरवलं तर बुळबुळीत थर निघाला. पाणी आत येतं त्या टोकाला सुताच्या तंतूंचा नमद्यासारखा गोळा. आमचा पहिला शत्रू रंग नव्हताच, तो गोळा होता.

चिकित्सा

बाप रे. डोळ्यांसमोर आलं.

पण शिंपल्यांचं काय ते राहिलंच. निळाईताईंनी सुरुवातीला म्हटलं होतं.

गाळणीवाला

हो, माझा आवडता भाग. लाटा आपटत असताना शिंपला खडकाला धरून राहतो तो त्याच्या धाग्यांच्या टोकाच्या डिंकामुळे. त्या डिंकातल्या प्रथिनांत डोपा नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. 2007 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मेसरस्मिथ यांच्या गटाने दाखवलं की डोपाचाच भाऊबंद असलेला डोपामिन किंचित अल्कधर्मी पाण्यात टाकला की बुडवलेल्या जवळपास कुठल्याही वस्तूवर आपोआप पातळ थर बसतो. धातू, काच, अगदी टेफ्लॉनसुद्धा.

मी पहिल्यांदा केलं तो दिवस विसरणार नाही. लिटरला दोन ग्रॅम डोपामिन, पीएच 8.5. पाणी आधी बिनरंगी. थोड्या वेळाने गुलाबीसर झाक, मग तांबूस, मग तपकिरी, आणि दुसऱ्या दिवशी बीकरमध्ये शाईसारखं काळं. पडदा बाहेर काढून धुतला तर एकसारखा सावळा झालेला. आधी त्याच्यावर पाण्याचा थेंब मण्यासारखा उभा राहायचा, आता टेकताच पसरला. पाण्याला तो पडदा आपलासा वाटायला लागला, हे मी अक्षरशः डोळ्यांनी पाहिलं.

शब्दवेध

विषय भरकटवतोय, क्षमस्व. खडकाला धाग्यांनी धरून राहणारा तो मसल ना? त्याला कोकणपट्टीवर शिणाणे म्हणतात. कालव वेगळं, ते स्वतःचं कवचच खडकाला चिकटवतं, धागे नसतात. शिंपला हा शब्द दोन शिंपांच्या कुठल्याही जिवाला चालतो, त्यामुळे घोटाळा होतो. मराठीत नेमके शब्द असताना ते वापरू या.

गाळणीवाला

शब्दवेध, मनापासून आभार. यापुढे शिणाणेच लिहीन.

खारफुटी

मला हे पटत नाहीये पण. डिंकाचा थर दिला तर त्याला रंग आणि घाण जास्त चिकटेल की! आणि गुळगुळीत राहण्यासाठी चिकटणाऱ्या प्राण्याची नक्कल करायची हे उफराटं नाही का?

गाळणीवाला

अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. चिकटायचं ते खालच्या पडद्याला. वरची बाजू पाणी धरून ठेवणारी होते, आणि पाण्याचा तो थर तेलकट घाणीला टेकू देत नाही. पण मिथिलीन ब्लूसारखे धनभारित रंग या थराला कडकडून चिकटतात, तिथे तुमची शंका पूर्ण बरोबर. तोच थर शोषक म्हणूनही वापरतात. ऋणभारित रंगांना मात्र तो ढकलतो. म्हणून "हा पडदा रंग काढतो का" असं विचारू नका, "कोणता रंग" ते आधी विचारा.

आणखी एक पळवाट आहे, काँगो रेड. हा रंग पाण्यात एकमेकांना चिकटून पुंजके करतो, त्यामुळे जरा मोठ्या छिद्रांनीही अडतो. फक्त काँगो रेडचे निकाल दाखवणाऱ्या पडद्याकडे मी सावधपणे बघतो.

रंगारी

माझा प्रश्न टिकण्याचा. पीएच 11, पाणी गरम. तुमचा शिणाण्याचा थर किती दिवस?

गाळणीवाला

खरं सांगतो, इथे तो कमकुवत आहे. तीव्र अल्कलीत थर सुटायला लागतो. पॉलिएथिलीनइमिन या पॉलिमरबरोबर एकत्र बसवला की जास्त घट्ट होतो, पण पडदा धुवायला तुम्ही कॉस्टिक सोडा वापरणार, ती परीक्षा अवघडच. टॅनिक आम्ल आणि लोह यांचा थरही आहे, मेलबर्नच्या कारूसो यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवलेला. काही मिनिटांत बसतो. ओकच्या गाठी आणि लोह यांपासून शाई करायचे, तीच जोडी. पण तो आम्लात सुटतो. माझ्या मते बाथचं पाणी थंड करून, पीएच खाली आणूनच पडद्यावर घ्यायला हवं.

रंगारी

हे सरळ सांगितलंत म्हणून तुमच्यावर विश्वास बसला. पीएच खाली आणणं आम्हाला जमतं. अडचण येते ती अचानक आलेल्या गोष्टींची. एकदा ब्लीचिंगच्या बाजूचं हायपो (क्लोरीनचं ब्लीच) चुकून आमच्या टाकीत आलं, कुणी सांगितलंच नाही. क्लोरीनने पडद्याच्या पॉलिॲमाइडचे बंध तुटतात. तीन दिवसांनी परमिएट, म्हणजे गाळून आलेलं पाणी, गुलाबी दिसायला लागलं. सगळा संच बदलावा लागला. पाळीवर मी होतो, आजही ते गुलाबी पाणी आठवलं की वाईट वाटतं.

पाणवठा

रंगारीदादा, न सांगता आलेल्या पाण्याला तुम्ही काय करणार होतात? मनाला लावून घेऊ नका.

रेणू

+१. आमच्याकडे म्हणूनच प्रत्येक पाळीला पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी करतात. पडद्याआधी तपासणी ठेवली तर तुमच्याकडेही वाचेल.

एक_वाचक

पेशींमध्ये पाण्याच्या वाटा असतात ना, ॲक्वापोरिन? पीटर ॲग्रे यांना 2003 चं नोबेल मिळालं ते. एका वाटेतून सेकंदाला साधारण तीन अब्ज पाण्याचे रेणू जातात आणि मीठ एक कणही नाही. रंग तर दूरच. हेच वापरा की.

गाळणीवाला

ॲक्वापोरिनचे पडदे बनतात, आणि ते अद्भुत आहेतच. पण ते मीठही अडवतात. म्हणजे परत कांदळवनाचीच अडचण. रंगासाठी मला 2018 चं काम जास्त आशेचं वाटतं. गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने 1952 मध्ये बिबट्याचे ठिपके आणि झेब्र्याचे पट्टे कसे उमटत असतील याचं गणित मांडलं होतं. दोन रसायनं वेगवेगळ्या वेगाने पसरली की नक्षी तयार होते. चीनमधल्या संशोधकांनी नॅनोफिल्ट्रेशनचा पडदा बनवताना एका रसायनाचा वेग मुद्दाम कमी केला, तर पडद्यावर तशीच ठिपक्यांची आणि नळ्यांची नक्षी उठली. पृष्ठभाग वाढला, पाणी जास्त जाऊ लागलं.

आणि रंगारीदादांच्या सुताच्या गोळ्यासाठी मँटा रे! हा मासा तोंड उघडून पोहतो आणि बारीक प्लवक गाळतो, पण त्याची गाळणी सहसा तुंबत नाही. 2018 मध्येच दाखवलं गेलं की कल्ल्यांजवळच्या पट्ट्यांवर पाण्याचे भोवरे होतात आणि कण फटीत शिरण्याऐवजी उसळून पुढे जातात, फटीपेक्षा लहान कणसुद्धा. विरघळलेल्या रंगाला याचा उपयोग नाही, तंतूंना होऊ शकेल.

रंगारी

हे मला कोणी आठ वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. माझं म्हणणं असं, की आधी मँटा, मग मूत्रपिंड, आणि थर द्यायचाच तर शेवटी. सगळे जण थराबद्दल बोलतात, पाणी पडद्यावरून वाहवायचं कसं याबद्दल कोणी बोलत नाही. रेणूताईंचा पाचवा भाग मी लिहून ठेवलाय.

राहता राहिला रिजेक्ट. घट्ट झालेला रंग कुठेतरी न्यावाच लागतो. मूत्रपिंडालासुद्धा मूत्राशय लागतं.

चिकित्सा

मग वनस्पतींचे रंग वापरले तर? मूळच संपेल.

रंगारी

रंग वनस्पतीचा असला तरी बरेचदा तो धाग्यावर धरायला तुरटी किंवा दुसरा धातू लागतो, आणि न लागलेला रंग पाण्यातच उरतो. गाळायला लागणारच. मला ते रंग प्रिय आहेत, पण त्याने हा प्रश्न मिटत नाही.

निळाई

सगळ्यांचे किती आभार मानू! मुलीला सगळं वाचून दाखवलं. तिने लगेच पुढचा प्रयोग केला. नव्या फांदीच्या तुकड्यातून लाल रंग गाळला, प्रयोगशाळेच्या बाईंनी दिलेला ॲसिड डाय. पहिल्या काही थेंबांपासूनच लाल! म्हणजे ऋणभारित, चिकटलाच नाही. ती इतकी खूश झाली, की न जमलेला प्रयोग आहे हे विसरूनच गेली.

मग जुना निळा तुकडा आम्ही उभा चिरला. वरच्या टोकाला गडद निळा, खाली येता येता फिका, आणि खालच्या टोकाला निळ्या रेघा, एकेका नळीच्या. तिने त्याचं चित्र काढून वहीत चिकटवलंय.

आता विचारतेय, हे निळं लाकूड टाकायचं कुठे? कचऱ्यात टाकलं तर पावसात रंग सुटेल का? मी गप्प.

गाळणीवाला

तिलाच शोधू दे. लाकडाचे दोन सारखे तुकडे करा. एक साध्या पाण्याच्या बरणीत, एक पांढऱ्या व्हिनेगरमध्ये. आम्लात लाकडाचा ऋण भार कमी होतो, त्यामुळे तिथे जास्त निळं सुटायला हवं. तिने आधी अंदाज लिहून ठेवायचा, मगच बरण्या भरायच्या.

रंगारी

आणि रोज एकाच वेळेला बघायचं. मी पाळीची वही तशीच ठेवायचो.

निळाई

दोन बरण्या खिडकीत ठेवल्यात, चिठ्ठ्या लावून. अंदाज लिहिलाय, मला दाखवत नाहीये. रविवारी इथेच सांगते.